इंग्लंडच्या जुन्या गावचर्चमध्ये काय बघावं, आणि आता तिथे नाही ते कसं ओळखावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी पूर्व इंग्लंडमधल्या नॉर्फोकात राहते, उन्हाळ्यात तिच्याकडे महिनाभर मुक्काम आहे. आसपासच्या गावागावात पाच-सातशे वर्षांचं जुनं चर्च आहे. पण आत गेलं की पांढऱ्या भिंती, रांगेत बाकं, मोठ्या खिडक्या, आणि पाच मिनिटांत बाहेर. मध्ययुगात ही चर्चं अशीच होती का? आणि आत नेमकं बघायचं काय?

अशी मुळीच नव्हती. आज जाणवणारा पांढरेपणा आणि मोकळेपणा गेल्या साडेचारशे वर्षांतला आहे. १५०० साली याच दारातून आत शिरला असता तर भिंतीभर चित्रं दिसली असती, संतांच्या मूर्तींपुढे मेणबत्त्या तेवत असत्या, मधोमध रंगवलेला लाकडी पडदा आडवा उभा असता आणि त्याच्या माथ्यावर क्रुसावरचा भव्य ख्रिस्त. बहुतेक लोक उभे किंवा गुडघ्यांवर असते.

मी जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. पूर्व इंग्लंडमधल्या चर्चच्या भिंती, छपरं आणि पन्हळी यांत माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या जोरावर एक सांगते. शैलींची नावं पाठ करून जाऊ नका. प्रत्येक गोष्टीपुढे उभं राहून विचारा, याचा खर्च कोणी केला? इमारतीची ठेवण आणि आतलं सामान, दोन्हींचा उलगडा या एका प्रश्नाने होत जातो.

याचं कारण असं की मध्ययुगीन इंग्लिश चर्च बाहेरून एक दिसलं तरी त्याचे जबाबदार दोन होते. पूर्वेकडच्या टोकाला चॅन्सल, म्हणजे मुख्य वेदी आणि धर्मगुरूंची जागा. पश्चिमेकडे नेव्ह, म्हणजे लोकांचं दालन. तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये वाटणी पक्की झाली: चॅन्सलची डागडुजी रेक्टरने करायची आणि नेव्हची गावकऱ्यांनी. कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट विंचेल्सी यांच्या नावाने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची एक यादीच आहे. गावाने काय काय पुरवायचं ते तिच्यात नोंदलंय: मिस्साचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या उपासनेचा प्याला, मिस्साचं पुस्तक, धर्मगुरूंची वस्त्रं, मिरवणुकीचा क्रूस, घंटा, कुलूप असलेलं बाप्तिस्म्याचं कुंड, प्रेत न्यायची तिरडीसुद्धा.

रेक्टर म्हणजे गावच्या दशमांशाचा, पिकाच्या दहाव्या हिश्शाचा हक्कदार. पण अनेक गावांचा हा हक्क दूरच्या एखाद्या मठाकडे गेलेला असे. मठ धान्याचा मोठा दशमांश स्वतः घेई आणि गावात कमी उत्पन्नावर एक विकर, म्हणजे बदली धर्मगुरू, नेमून देई. अशा मठाला त्या गावच्या चॅन्सलवर जरुरीपेक्षा जास्त पैसा घालायचं कारण नव्हतं. उलट गावकऱ्यांनी नेव्हवर पिढ्यान् पिढ्या पैसा ओतला. म्हणून चर्चच्या आवारात गेलात की आधी दक्षिणेकडे थोडं लांब उभं राहा आणि छपराची रेषा बघा. पूर्व इंग्लंडमध्ये वारंवार दिसेल की नेव्ह उंच, खिडक्यांनी उजळलेला, पंधराव्या शतकातला. आणि त्याला चिकटलेलं चॅन्सल ठेंगणं, शेदीडशे वर्षांनी जुनं. उलटं दिसलं तर समजा की रेक्टर पैसेवाला आणि हौशी होता. लिंकनशायरमधल्या हेकिंग्टनचं देखणं चॅन्सल १३३० च्या सुमाराचं आहे. ते बांधवणारे रिचर्ड डी पॉट्सग्रेव्ह राजाचे चॅप्लेन, म्हणजे खाजगी धर्मगुरू होते. त्यांची दगडी प्रतिमा आजही त्याच चॅन्सलमध्ये पहुडलेली आहे.

ही वाटणी इतिहासजमा झाली असं समजू नका. १५३६ ते १५४० मध्ये आठव्या हेन्रीने मठ बुडवले, त्यांच्या जमिनी आणि दशमांशाचे हक्क विकले गेले, आणि त्यांच्याबरोबर चॅन्सलची जबाबदारीही खाजगी मालकांकडे गेली. वॉरिकशायरमधल्या ॲस्टन कँटलो गावच्या चॅन्सलच्या दुरुस्तीचा खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००३ साली निकाल लागला की ज्या शेतजमिनीला ही जबाबदारी चिकटलेली आहे तिच्या मालकांनी खर्च द्यायचा. पुढे अशा जबाबदाऱ्या नोंदवून घेण्यासाठी चर्चना २०१३ पर्यंतची मुदत दिली गेली. त्या काळात कित्येक गावांत जुनी दप्तरं उघडली गेली.

आता काळ ओळखण्याबद्दल थोडक्यात. नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर ही चार नावं थॉमस रिकमन यांनी १८१७ साली रुळवली. ती सोयीची आहेत. गोल जाड कमान नॉर्मन, अरुंद टोकदार खिडक्या तेराव्या शतकातल्या, खिडकीच्या माथ्यावर दगडाची वळणदार जाळी चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली, आणि सरळ उभ्या रेघांची रुंद खिडकी त्यानंतरची. डरहॅमजवळचं एस्कम तर याच्याही आधीचं, सातव्या शतकाच्या अखेरीचं. शेजारच्या रोमन किल्ल्याचे दगड उचलून आणून ते बांधलंय. पण अख्खं चर्च एकाच शैलीचं सापडणं विरळा. बाराव्या शतकातला नेव्ह, मग जागा कमी पडली म्हणून उत्तरेची भिंत फोडून कमानींची रांग आणि बाजूचं दालन, शंभर वर्षांनी पैसे जमल्यावर दक्षिणेलाही तसंच. म्हणून दोन्ही बाजूंच्या खांबांचे आकार जुळत नाहीत. मनोऱ्याच्या पूर्वेकडच्या अंगावर आतून किंवा बाहेरून उतरत्या छपराची तिरकी खूण दिसली तर जुनं छप्पर कुठवर होतं ते कळतं. नंतर भिंती वाढवून वर खिडक्यांची ओळ काढली आणि सपाटसर शिशाचं छप्पर घातलं. या खुणा मला कोरीव खांबांपेक्षा जास्त बोलक्या वाटतात.

मध्येच एखादं काम एकाएकी थांबलेलं दिसतं. १३४९ च्या प्लेगने गवंडीही नेले आणि पैसे देणारेही. हर्टफर्डशायरमधल्या ॲश्वेलच्या मनोऱ्यात खालच्या भिंतीवर कोणीतरी लॅटिनमध्ये कोरून ठेवलंय की महामारी भयंकर होती, आणि साक्षीला उरलेत ते लोकांतले गाळसाळ. त्याच मजकुरात काही वर्षांनी आलेल्या मोठ्या वादळाचाही उल्लेख आहे. मोबाइलचा टॉर्च भिंतीला समांतर धरा, म्हणजे असे ओरखडे उजळतात. इतर चर्चमध्येही हा प्रयोग करून बघा. जहाजं, हाताचे पंजे, कंपासने काढलेली फुलं, पुष्कळ काही सापडतं.

तुम्ही नॉर्फोकात असणार म्हणून दगडाबद्दलही सांगते. तिथे बांधकामाचा चांगला दगड जवळपास नाहीच. आहे ती गारगोटी, शेतात नांगराला लागणारी. गारगोटीने सरळ कोपरा काढणं कठीण. नॉर्फोकातल्या शंभराहून जास्त चर्चना गोल मनोरे आहेत, त्याचं एक कारण हेच मानलं जातं. कोपऱ्यांना, खिडक्यांना लागणारा घडीव दगड पीटरबरोजवळच्या बार्नॅकहून नदीने यायचा, नाहीतर समुद्र ओलांडून नॉर्मंडीतल्या कान शहराहून. म्हणजे दगडी चौकटीचा प्रत्येक फूट महाग. पंधराव्या शतकात कारागिरांनी या अडचणीतूनच कला उभी केली. गारगोटी फोडून तिची काळी चकचकीत बाजू पुढे लावायची, पांढऱ्या दगडात नक्षीची खाचणी करायची आणि काळे तुकडे त्यात बसवायचे. सफकमधल्या लाँग मेलफर्डच्या भिंतींवर बाहेरून अशाच अक्षरांत देणगीदारांची नावं आणि त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करण्याची विनंती आहे. जॉन क्लॉप्टन आणि तिथल्या इतर कापडवाल्यांचा पैसा सगळ्या गावाला रोज दिसावा अशी ती योजना होती. जवळच्याच लॅव्हनमचा १४१ फुटी मनोराही अशाच कापडाच्या पैशातून उभा राहिला.

आत जाताना पोर्चमध्ये घाई करू नका. लग्नाची वचनं इथेच, दाराबाहेर दिली जायची, मग वधूवर मिस्साला आत जात. दाराच्या उजव्या हाताला भिंतीत फुटकं दगडी भांडं दिसलं तर ते पवित्र पाण्याचं. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत, म्हणजे इंग्लंड कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट झालं त्या काळात, बहुतेक फोडली गेली. दारातून आत आलं की पश्चिमेकडेच बाप्तिस्म्याचं कुंड. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्तसभेत प्रवेश, म्हणून कुंड दाराजवळ. पुष्कळ चर्चमध्ये हीच सगळ्यात जुनी वस्तू असते. भिंती बदलल्या, छप्पर बदललं, पण कुंड तेच राहिलं. त्याच्या काठावर समोरासमोर शिशाचे डाग किंवा तुटलेल्या लोखंडाचे अवशेष शोधा. १२३६ साली आर्चबिशप एडमंड यांनी हुकूम काढला की कुंडं झाकून कुलपात ठेवावीत, कारण मंतरलेलं पाणी लोक जादूटोण्यासाठी चोरून नेत. ते डाग त्या कोयंड्यांचे.

कुंडांमध्ये नॉर्फोक आणि सफकची मिरास म्हणजे सात संस्कारांची अष्टकोनी कुंडं. अशी चाळीसएक उरली आहेत. सात बाजूंना बाप्तिस्मा, दृढीकरण, प्रायश्चित्त, मिस्सा, विवाह, गुरुदीक्षा आणि अंत्याभ्यंग (मरणासन्नाला तेल लावणं), आठव्या बाजूला बहुधा ख्रिस्ताचा क्रूस किंवा बाप्तिस्मा. चेहरे छिन्नीने उडवलेले असतील, तरी अंगावरचे कपडे आणि हातांच्या हालचाली नीट बघा. अंत्याभ्यंगाच्या चौकटीत पलंग असतो, प्रायश्चित्ताच्या चौकटीत गुडघे टेकलेला माणूस. रोजच्या आयुष्याचं इतकं जवळचं कोरीवकाम इंग्लंडमध्ये फार थोडं उरलंय. नॉर्फोकातल्या सॉलच्या चर्चमध्ये असं कुंड आहे, आणि त्यावरचं उंच लाकडी झाकण उचलायची मध्ययुगीन तुळई आणि कप्पीही जागेवर आहे. त्याच फरशीवर जेफ्री बोलिन यांच्या थडग्याचा पितळी पत्रा आहे. ते राणी ॲन बोलिनचे खापरपणजोबा. सफकमधल्या उफर्डचं झाकण तर १८ फूट उंच आहे.

आता नेव्हमध्ये उभे राहा आणि बाकं मनातून काढून टाका. तेराव्या शतकापर्यंत बसायची सोय म्हणजे भिंतीलगतचा दगडी कट्टा, तोही वृद्ध आणि आजाऱ्यांसाठी. लाकडी बाकं पंधराव्या शतकात सर्रास झाली. मूळ बाकं असतील तर त्यांची टोकं बघायलाच हवीत. पूर्वेकडे माथ्यावर कोरलेली पानाफुलांची गोंडेदार टोकं आणि कडेला छोटे प्राणी, नैर्ऋत्येकडे सोमरसेटमध्ये अख्ख्या फळीवर चित्र. तिथल्या ब्रेंट नोलला मठाधिपतीच्या वेशातला कोल्हा आहे, आणि पुढच्या फळीवर हंस त्याला फाशी देतात. हे गावकऱ्यांच्या पैशाचं काम होतं, धर्मगुरूंच्या नव्हे, आणि ते तिथे उघड दिसतं.

भिंतींचं म्हणाल तर मुख्य दारासमोर, म्हणजे बहुधा उत्तरेच्या भिंतीवर, संत क्रिस्टोफर असायचे. खांद्यावर बाळ ख्रिस्त, पाय नदीत. त्यांचं दर्शन घेतलं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही अशी श्रद्धा होती, म्हणून ते दारातूनच दिसावेत असे मोठ्ठे काढत. यॉर्कशायरमधल्या पिकरिंगला नेव्हच्या दोन्ही भिंती पंधराव्या शतकातल्या चित्रांनी भरलेल्या आहेत. ती १८५२ साली चुन्याखाली सापडली, तेव्हाच्या विकरने पुन्हा झाकली आणि त्याच शतकात नंतर परत उघडली गेली. तिथे गेलात तर मध्ययुगीन चर्चचा अंदाज एका क्षणात येतो. चुन्याचा हात हा चित्रांचा शत्रू म्हणून मारला गेला, पण त्यानेच ती जपली. आजही पुष्कळ पांढऱ्या भिंतींखाली रंग आहे. म्हणून कळकळीने सांगते, पोपडा दिसला तरी नखाने उचकटू नका.

जास्त नुकसान एकोणिसाव्या शतकाने केलं. जुना दगड ‘प्रामाणिक’ दिसावा म्हणून नूतनीकरण करणाऱ्यांनी आतला गिलावाच खरवडला, आणि त्याबरोबर खालची चित्रं कायमची गेली. याच्याविरुद्ध विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. आमचा व्यवसाय आजही तिच्याच तत्त्वांवर चालतो: आधी गळती थांबवा, मोडलं तेवढंच जोडा, नव्याला जुनं भासवू नका. त्यापुढे विसाव्या शतकाने सिमेंट आणलं. चुन्याच्या भिंतीचे सांधे सिमेंटने भरले की ओल बाहेर पडायची वाट बंद होते, मग दगडच भुगा होऊन सुटतो. माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे ते सिमेंट हलक्या हाताने काढून पुन्हा चुना भरणं.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा: नेव्ह आणि चॅन्सल यांच्यामधली कमान. इथे रूड स्क्रीन उभी असायची. रूड म्हणजे क्रूस, स्क्रीन म्हणजे पडदा. खाली कमरेइतक्या भरीव फळ्या, त्यांवर संतांची चित्रं. वर नाजूक लाकडी जाळी. त्याच्यावर माणूस चालू शकेल असा सज्जा. आणि सज्ज्यावर किंवा आडव्या तुळईवर क्रूस, एका बाजूला पवित्र मारिया, दुसऱ्या बाजूला संत योहान. मागच्या भिंतीवर किंवा फळ्यांवर शेवटच्या न्यायाचं चित्र. हा पडदा नेमका दोन खर्चांच्या सीमेवर, पण खर्च गावाचा. चॅन्सल रेक्टरचं असलं तरी सीमेवरचा सगळ्यात दिमाखदार ऐवज लोकांनी स्वतःच्या पैशाने उभा केला. नॉर्फोकातल्या लडमच्या पडद्यावर लिहिलंय की जॉन सॅमन आणि त्याची बायको सिसिली यांनी १४ पौंड दिले, साल १४९३, त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करा.

पडद्यामुळे लोकांना वेदी दिसत नव्हती, ते बिचारे बाहेर ताटकळत, असं पुस्तकांत वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. वरची जाळी उघडी असते, आणि काही पडद्यांच्या भरीव फळ्यांत गुडघ्यांवर बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीला पाडलेली भोकंही सापडतात. मिस्साच्या वेळी पवित्र भाकर उंचावली की घंटा वाजे, आणि तो क्षण डोळ्यांनी पाहणं हीच लोकांची मुख्य भक्ती होती. शिवाय पडद्याच्या अलीकडे, नेव्हमध्येच, छोट्या वेदी असत आणि तिथला मिस्सा हाताच्या अंतरावर होई. नॉर्फोकातल्याच रॅनवर्थला हे अजून कळतं. मधल्या पडद्यावर बारा प्रेषित आहेत आणि दोन्ही बाजूंना अशा वेदींमागची चित्रं. दक्षिणेकडच्या चित्रांत मांडीवर मुलं घेतलेल्या तीन मारिया आणि बाळंतिणींची रखवाली करणाऱ्या संत मार्गारेट आहेत. गावच्या बायका कुठे येऊन गुडघे टेकत असतील ते वेगळं सांगावं लागत नाही.

हे सगळं कसं गेलं? सहाव्या एडवर्डच्या राज्यात १५४८ साली सर्व मूर्ती काढायचा हुकूम झाला, १५५० मध्ये दगडी वेदी फोडून लाकडी टेबलं आली. १५५३ पासून कॅथलिक मेरी राणीने सगळं परत उभारायला लावलं. १५५९ मध्ये एलिझाबेथने पुन्हा उलटं फिरवलं, आणि १५६१ च्या हुकुमाने सज्जे उतरवले, पण खालचा पडदा ठेवायची मुभा दिली. म्हणून आज पडदा उरतो आणि वरचं नाहीसं असतं. कमानीशेजारच्या भिंतीत उंचावर, कुठेही न नेणारं छोटं दार आणि आतला अरुंद जिना दिसला तर तो सज्ज्याचा. लडमला या उलथापालथीचा अंगावर येणारा पुरावा आहे. कमानीतल्या फळ्यांवर एका बाजूला क्रुसावरचा ख्रिस्त, घाईने रंगवलेला, बहुधा मेरीच्या काळातला. दुसऱ्या बाजूला एलिझाबेथचं राजचिन्ह.

पण माझ्या दृष्टीने याहून मोलाचं आहे सफकमधलं वेनस्टन. १८९२ मध्ये दुरुस्ती चालू असताना कमानीतल्या चुना लावलेल्या जुन्या फळ्या काढून आवारात टाकल्या. रात्री पाऊस झाला, चुना धुपला आणि खाली शेवटच्या न्यायाचं पूर्ण चित्र उघडं पडलं. त्यात तीन ठिकाणी रंगच नाही. एक क्रुसाची आकृती, दोन माणसांच्या. मूर्ती फळ्यांना टेकून उभ्या होत्या आणि चित्रकाराने त्यांच्याभोवतीने रंग दिला होता. इंग्लंडमधल्या गावचर्चचे जवळपास सगळे रूड जाळले गेले. इथे त्यांच्या उंचीचं आणि जागेचं माप तेवढं शिल्लक आहे.

आता कमान ओलांडून चॅन्सलमध्ये या. दक्षिणेच्या भिंतीत वेदीजवळ छोटा कोनाडा आणि तळाशी भोक असलेली वाटी दिसेल ती पिसीना. प्याला धुतलेलं पाणी तिथून थेट जमिनीत जाई. शेजारी तीन कोरीव आसनं मिस्सा करणारे धर्मगुरू आणि त्यांच्या दोन साहाय्यकांसाठी. हे एकदा ओळखता आलं की नेव्हमध्ये परत जा आणि बाजूच्या दालनाच्या भिंती तपासा. जिथे पिसीना आहे तिथे वेदी होती. वेदी गेली, पडदे गेले, पण भिंतीतली वाटी कोणी काढत बसलं नाही. अशा खुणा मोजल्या की एका छोट्या चर्चमध्ये तीन-चार वेदी निघतात, आणि त्यातल्या बऱ्याच गावच्या मंडळांच्या किंवा एखाद्या कुटुंबाच्या. फरशीत पाच छोटे क्रूस कोरलेली लांब शिळा पायाखाली आली तर ती उपटलेली वेदी. चॅन्सलच्या उत्तरेच्या भिंतीत ईस्टरची कबर असते. गुड फ्रायडेला तिथे क्रूस आणि पवित्र भाकर ठेवून लोक ईस्टरच्या पहाटेपर्यंत पहारा देत. साधारण ती लाकडी चौकट असे. हेकिंग्टनला मात्र दगडातली आहे, आणि तिच्या पायथ्याशी पेंगलेले शिपाई आहेत.

या सगळ्याला पैसा कुठून यायचा ते डेव्हनमधल्या मोरबाथच्या हिशेबांतून कळतं. १५२० ते १५७४ तिथे क्रिस्टोफर ट्रिची हे एकच विकर होते. त्यांनी लिहिलेल्या हिशेबांत चर्चच्या मालकीच्या मेंढ्या आहेत, गावातल्या घराघरांत सांभाळायला दिलेल्या. तरुणांची, तरुणींची वेगळी खाती आहेत. बिअर गाळून गावाला पाजायची आणि नफा चर्चला, अशी वार्षिक मेजवानी आहे. मृतांसाठीच्या मिस्सात घालायच्या काळ्या वस्त्रांच्या एका जोडासाठी वीसएक वर्षं थोडे थोडे पैसे साठवले, आणि ती तयार झाली तोवर मूर्ती आणि मिस्सा जाण्याची वेळ आली. १५४९ साली नव्या उपासनेविरुद्ध झालेल्या बंडात या गावचे पाच तरुण सामील झाले. हे वाचल्यावर फुटक्या कुंडाकडे आणि रिकाम्या कोनाड्याकडे नुसतं शैली म्हणून बघवत नाही.

लाँग मेलफर्डच्या रॉजर मार्टिन यांनी एलिझाबेथच्या काळात म्हातारपणी लिहून ठेवलंय की त्यांच्या लहानपणी मुख्य वेदीमागे सोन्याने मढवलेला, क्रुसाच्या देखाव्याचा लाकडी पट होता. त्याची रंगीत दारं एरवी बंद असत आणि सणाला उघडत. वसई किंवा गोव्याची चर्चं पाहिलेल्या मराठी माणसाला हे वर्णन ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की गोव्यातली मोठी चर्चं कॅथलिक सुधारणेच्या काळातली, वेदी दारापासूनच दिसावी म्हणून मध्ये पडदा नाही. इंग्लंडमध्ये पडदा राहिला, त्याच्यामागचं सोनं गेलं.

मोडतोडीबद्दल एक सावधगिरी. प्रत्येक फुटलेलं नाक सतराव्या शतकातल्या यादवीतल्या क्रॉमवेलच्या सैनिकांच्या नावावर खपवलं जातं. बरंच काम त्याच्या शंभर वर्षं आधी, हुकमानुसार, गावच्याच चर्चवॉर्डननी, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांनी मजुरी देऊन करवून घेतलं होतं. यादवीच्या काळात १६४३-४४ मध्ये विल्यम डाउसिंग याने केंब्रिजशायर आणि सफकमधल्या अडीचशेहून जास्त चर्चमध्ये फिरून मूर्ती आणि काचा फोडायला लावल्या, आणि रोजनिशी लिहिली. सफकमधल्या ब्लायबरच्या छपरावरचे लाकडी देवदूत उतरवायचा त्याने हुकूम दिला, पण ते आजही पंख पसरून आहेत. त्यांत शिशाचे छर्रे सापडले तेव्हा त्याच्याच माणसांनी गोळ्या घातल्या असं सगळे म्हणू लागले. अठराव्या शतकातल्या हिशेबांत मात्र छपरात बसणारे कावळे मारायला बंदुकीची दारू आणि छर्र्यांचा खर्च आहे. रंगीत काचांचा पूर्ण संच तर गावचर्चमध्ये जवळपास एकाच ठिकाणी वाचला: ग्लॉस्टरशायरमधल्या फेअरफर्डला, १५०० च्या आसपासच्या २८ खिडक्या. चर्च नव्याने बांधणारे लोकरीचे व्यापारी जॉन टेम. त्या बघायला मात्र निरभ्र दिवस निवडा.

इंग्लंडला जायच्या आधी तयारी म्हणून मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च बघून घ्या. १८३८ ते १८४२ च्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ हेन्री कॉनिबेअर यांनी ते बांधलं, १८५८ मध्ये त्याचं अभिमंत्रण झालं. आतल्या सजावटीचा बराच भाग विल्यम बटरफील्ड यांच्या आराखड्यांवरून झाला. व्हिक्टोरियन अभ्यासकांना तेराव्या शतकाचं इंग्लिश चर्च जसं असावंसं वाटलं, तसं ते आहे. नेव्ह, बाजूची दालनं, खोल चॅन्सल, उंच सुळका. इथे सगळं एका बेतानुसार आणि एकाच पिढीत झालं. नॉर्फोकात गेल्यावर तेच भाग तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या खिशांतून बांधलेले भेटतील.

मुलीकडे गाडी असेल तर एका दिवसात रॅनवर्थ आणि लडम होतं, दोन्ही जवळजवळ आहेत, आणि रॅनवर्थच्या मनोऱ्यावर चढायला मिळतं. दुसऱ्या दिवशी वेनस्टन आणि ब्लायबर, तीही शेजारची. सॉलला वेगळा अर्धा दिवस द्या, शक्यतो सकाळी, पूर्वेच्या खिडकीतून ऊन येतं तेव्हा. बहुतेक चर्चं दिवसा उघडी असतात. नसली तर दारावर किल्ली कुठे मिळेल ते लिहिलेलं असतं. दुर्बीण न्या, छपरं बघायला तिच्याशिवाय मजा नाही. आणि दाराजवळच्या पेटीत काहीतरी टाका. हल्ली छपराचं शिसं चोरीला जातं, नवं घालायचा खर्च हजारो पौंडांत असतो, आणि नेव्हची दुरुस्ती अजूनही गावानेच करायची असते.